आर्द्रातला टायर

भाऊंचं खरं नाव आता रेशनकार्डावरच उरलंय. वाशिमकडच्या मालेगाव तालुक्यातल्या आमच्या शिवारात ते ‘टायरभाऊ’. टायरचा धंदा वगैरे काही नाही. सात-आठ एकर सोयाबीन-तूर आणि एमएच 37 ची एक पांढरी पिकअप. तिचे चार टायर बदलायचे आहेत, एवढाच त्यांचा टायरशी संबंध. फक्त या ‘बदलायचे आहेत’ला दोन पावसाळे झाले.

लग्नात लोक नवरदेव पाहतात, पंगत पाहतात. भाऊ मांडवामागं उभ्या गाड्यांमध्ये उकिडवे बसलेले सापडतात. खाचेत रुपयाचं नाणं उभं घालायचं, नखानं रबर दाबायचं, मग वास घ्यायचा. गाडीचा मालक घाबरून धावत आला की त्यालाच विचारायचं, “किती पळाले हे?” पुतण्याच्या सोयरिकीला गेले, तर मुलीच्या बापाच्या अंगणात पिकअप उभी! पोहे येईस्तोवर टायरची कंपनी, किंमत, दुकान सगळं कळलं. मुलीचं नाव विचारायचं राहिलं. सोयरिक जमली, ती भाऊंमुळे नव्हे.

इकडे त्यांचे स्वतःचे टायर टरबुजासारखे गुळगुळीत झालेले. खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानं बाद. इथं मोजायला खाचच नव्हती. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, पण तिथं आरटीओवाले टायर तपासतात. म्हणून भाऊंचं तत्त्वज्ञान असं, “सिमिटाच्या रोडनं टायर तापते. आपला खालचाच रस्ता बरा.” कुणीतरी सुचवलं, नायट्रोजन भरा, टायर थंड राहतो. भाऊंनी शाळेतल्या पोराकडून माहिती काढली. “हवेत 78 टक्के तेच हाय म्हनते. मंग राह्यलेल्या 22 टक्क्याचे पैसे काहून देऊ?” याला उत्तर माझ्याकडे नव्हतं, पंक्चरवाल्याकडेही नव्हतं.

वाशिमच्या पुसद नाक्यावरच्या दुकानात त्यांची हजेरी सोमवारची. दुकानदारानं 215/75 आर 15 असा टायर पुढं ठेवला. 215 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, उंची त्या रुंदीच्या 75 टक्के, आतली रिम 15 इंच. भाऊ 75 वर खूश. “म्हंजे डिस्टिंक्शन हाय.” लोड किती भरता, असं विचारल्यावर म्हणाले, “पंचवीस कट्टे.” मी शेजारीच बसलो होतो. चाळीस कट्टे मी स्वतः मोजलेत, पण तोंड उघडलं नाही.

मग जन्मतारीख. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2625 म्हणजे 2025 चा सव्विसावा आठवडा. भाऊंनी बोटांवर हिशेब केला आणि टायर बाजूला सारला.

“आर्द्रातला हाय.”

“मंग?”

“पान्यापावसातला माल. मिरगाच्या आंधीचा दाखवा.”

दुकानदार खरंच रोहिणी नक्षत्रातला टायर शोधायला आत गेला. त्या माणसाच्या सहनशीलतेवर वेगळा लेख लिहावा लागेल.

त्याच सुमारास, पोळ्याच्या आसपास, जीएसटी कमी होणार अशी हवा उठली आणि भाऊंना थांबायला सरकारी कारण मिळालं. 22 सप्टेंबर 2025 ला टायरवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्या दिवशी भाऊ दुकान उघडायच्या आधी ओट्यावर. पण हातात पेपर, आणि पेपरात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला 5 टक्के छापलेले.

“मले पाचनं लावा. माही गाडी वावरातच जाते.”

“भाऊ, मंग तिले नांगर जोडा, तसाच फोटो आना,” दुकानदार म्हणाला.

भाऊ दोन दिवस खरंच विचारात होते.

शेवटी दसऱ्याला चार टायर आले. रोहिणीतले नव्हते. दुकानदारानं ‘मृगाचे’ म्हणून खपवले. मी आकडे वाचले आणि गप्प बसलो. जुन्यातला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीला गेला. हळदकुंकू, झेंडू, नारळ झालं. नव्या रबरावर बारीक केस असतात, ते उपटणाऱ्या पोरांना भाऊंनी वाड्याबाहेर हाकललं.

आठवड्यानं सोयाबीन निघालं. सकाळी भाऊंच्या दारात भाड्याची गाडी उभी, हमाल कट्टे चढवताहेत, आणि पांढरी पिकअप गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली.

“हे काय भाऊ?”

“बाजाराचा रस्ता पाह्यला का तुमी? खड्डेच खड्डे. अन टायर नवे हायत.”

एवढं बोलून ते भाड्याच्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले. खिशातून रुपया काढला, खाचेत घातला, आणि ड्रायव्हरला हाक मारली, “बाप्पा, हे बदलायले झाले बरं का. घाई नोको करू पन.”