ऑपरेशनचं तिकीट

शांघायमधल्या एका कंपनीत मी आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी शिकवत असे. एकदा धड्यात वाक्य आलं, 'द सर्जन परफॉर्म्ड अॅन ऑपरेशन.' अकाउंट्समधल्या बाईंनी मोबाइलवरच्या डिक्शनरीत बोट फिरवलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सर, तिकीट लागतं?"

डिक्शनरीने त्यांच्या पदरात पहिलाच अर्थ टाकला होता : ब्याओयेन, म्हणजे प्रेक्षकांपुढे करून दाखवणं. आता मला सांगा, भूल दिलेल्या माणसापुढे कोण काय करून दाखवणार?

दोष बाईंचा नाही. चिनी भाषा म्हणजे मिसळणाचा डबा, प्रत्येक जिन्नस आपापल्या वाटीत. पेकिंग ऑपेरा हे ब्याओयेन. पोराची शाळेतली वागणूक, मुलाखतीत पडलेली छाप हे ब्याओश्येन. सेल्समनने वर्षभरात ओढून आणलेला धंदा म्हणजे येजी, एचआरवाले ज्यावर बोनस ठरवतात ते जीश्याओ, आणि इंजिन, एसी, कॉम्प्युटर यांचं शिंगनंग. करार पाळणं तर वेगळंच, ल्यूशिंग. इंग्रजीने या सगळ्या वाट्या एकाच पातेल्यात उपड्या केल्या, वर झाकण ठेवलं आणि नाव दिलं परफॉर्मन्स.

मीही त्यात पोळलोय. एका तरुण इंजिनिअरचं त्याच्या साहेबांपुढे कौतुक करताना, चिनी येतं हे दाखवायच्या हौसेने मी म्हणालो, "याचं शिंगनंग उत्तम आहे." साहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जातो?"

"तुमच्या भाषेत काय म्हणतात?" वर्गाने विचारलं. मी ऐटीत सांगितलं, नाटकाचा तो 'प्रयोग'. मग सचोटी आडवी आली. प्रयोगशाळेत बेडकावर करतात तोही प्रयोगच, हे कबूल केलं. कर्मणी प्रयोगाबद्दल मात्र तोंड उघडलं नाही, एका संध्याकाळी माणूस किती सोसणार!

"म्हणजे नाटकाला आलेला प्रेक्षक हा बेडूक?" बाईंनी विचारलं.

पुण्यात पाहिलेलं एक प्रायोगिक नाटक डोळ्यांपुढे आलं. दोन तास, मध्यंतर नाही. "कधी कधी," मी म्हणालो.

कोर्स संपल्यावर अभिप्रायाचे कागद आले. 'टीचर्स परफॉर्मन्स' या रकान्यात बाईंनी सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'व्हेरी गुड. लाइक रिअल टीचर.'