बुवा भुंकला हो!

ऐकलंत का वहिनी, काल संध्याकाळी भाऊसाहेबांचा बुवा भुंकला! खरंच सांगते. सिलिंडरवाला गेटाशी आला आणि आतून दिवाणाखालून आवाज आला, 'भो!' एकदाच हं, दुसऱ्यांदा नाही. पण भाऊसाहेब लेंगा सावरत अंगणात आले आणि गच्चीवर मला बघून ओरडले, "भुंकला हो, भुंकला!" नातवाचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही हा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता. सिलिंडरवाल्याच्या हातावर पेढा ठेवला. त्या बिचाऱ्याला कळेना, हा कशाबद्दल!

तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेलात आणि इकडे रामायण घडलं. फुलं काय, मग तोडा. तगर कुठे पळून जात नाही.

तर काय झालं, काकू गेल्यापासून भाऊसाहेबांचं बोलणंच आटलं होतं. सूनबाईनं काढलं कुत्र्याचं. ते म्हणाले, "माझ्या घरात कुत्रं येणार नाही." मग म्हणाले, "बघायला जाऊ, पण आणायचं नाही." मग म्हणाले, "आणायचंच असेल तर पिल्लू आणा." सगळे शेल्टरमध्ये जाऊन पिल्लूच मागतात हो. आणि तिथली माणसं मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतात. पिल्लू म्हणजे पार्व्होच्या आणि डिस्टेंपरच्या लसी, तीन महिन्यांनंतर रेबीजची, रात्रभर रडणं, घरभर शू आणि चपला चावणं. शिवाय मोठं होऊन कसं निघेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. मोठं कुत्रं जे दिसतं तेच असतं. ते किती वाढणार, किती खाणार, मुलांवर गुरगुरतं का, हे तिथली माणसं आधीच सांगतात.

बुवा तिथे एका कोपऱ्यात पाठ करून बसला होता. सहा-सात वर्षांचा, काळाकुट्ट, आणि मागचा एक पाय नाही. हायवेवर गाडीखाली आला होता, पाय काढावाच लागला. त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं. काळं कुत्रं आणि काळं मांजर मागे पडतं म्हणे, फोटोतही नीट येत नाही आणि लोकांना अपशकुनी वाटतं. मला याचं हसू येतं. घरात दत्ताची तसबीर, पायाशी चार कुत्री. काळभैरवाचं वाहन कुत्रं. जेजुरीला जाऊन भंडारा उधळायचा, खंडोबाबरोबरच्या कुत्र्याला हात जोडायचे. आणि दारात काळं कुत्रं नको!

भाऊसाहेब त्याच्यापाशी जाऊन बसले. तोही उठला नाही, हेही उठले नाहीत. बऱ्याच वेळानं सूनबाईला म्हणाले, "हा."

लगेच नाही हो दिलं. फॉर्म भरून घेतला, घर बघायला माणूस आला, गेट नीट लागतं का, गच्चीला कठडा आहे का, सगळं पाहिलं. भाऊसाहेबांना राग आला, "मी तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या, माझी चौकशी करतात!" पण मनातून आवडलं असणार. कागदपत्रांशिवाय काही मिळालं तर त्यांचा त्यावर विश्वासच बसत नाही.

आता पहिले दिवस ऐका. आणला आणि तो थेट दिवाणाखाली. कोणी खोलीत असेल तर अन्नाला तोंड लावायचा नाही. रात्री सगळे झोपले की ताटली चाटूनपुसून साफ. सूनबाई घाबरली, डॉक्टरला फोन केला. ते म्हणाले, पाणी पितोय ना, रात्री खातोय ना, मग त्याला एकटं सोडा. शेल्टरवाल्यांनी तर निघतानाच सांगितलं होतं, पहिले तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घराची वेळापत्रकं कळायला, आणि तीन महिने हे घर आपलंच आहे हे पटायला. ढोबळ हिशेब आहे, एखादा आठ दिवसांत रुळतो आणि एखाद्याला वर्ष लागतं. पण नव्या नवरीला आल्या आल्या चार माणसांत गाणं म्हणायला लावायचं नाही, एवढं तरी कळतं त्यातून.

भाऊसाहेबांनी काय केलं असेल? सतरंजी घेतली, दिवाणाला टेकून जमिनीवर बसले, बुवाकडे पाठ केली आणि पेपर मोठ्यानं वाचायला लागले. शेअर बाजाराचं पान! रोज सकाळी, त्याच वेळी, त्याच जागी. हात पुढे केला नाही, वाकून बघितलं नाही, "ये ये" केलं नाही. घाबरलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघणं आणि वरून डोक्यावर हात आणणं, ही दोन्ही त्याला धमकीच वाटते. आपण नेमकं तेच करतो, आणि वर म्हणतो, किती माणूसघाणं आहे! आठवड्याभरानं दिवाणाखालून एक नाक बाहेर आलं आणि भाऊसाहेबांच्या टाचेला लागलं. त्यांनी पान उलटलं, पण मागे वळून पाहिलं नाही. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती, तिनंच सांगितलं मला. तेव्हापासून त्याचं नाव बुवा. दिवाणाखाली मौनात बसतो आणि दर्शन त्याच्या मर्जीनं देतो म्हणून.

कॉलनीतली सगळी बघायला निघाली होती. भाऊसाहेबांनी दारातूनच परत पाठवलं. मलासुद्धा! भाकरी घेऊन गेले होते हो, भाकरी आत घेतली आणि मला बाहेर ठेवलं. राग आला होता तेव्हा. आता म्हणते, बरोबर केलं.

एक मात्र सांगते, प्रसादाचं जपा. मागच्या गल्लीतल्या आजींनी सत्यनारायणाचा शिरा आणला आणि मायेनं त्याच्यापुढे द्रोण धरला. बेदाणे घातलेला! सूनबाईनं झडप घालून काढून घेतला, आजी रुसल्या. पण द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात. कांदा, लसूण, चॉकलेट यांतलंही काही चालत नाही. दहीभात चालतो बऱ्याच जणांना, पण नुसत्या दूधपोळीवर कुत्रं पोसलं जात नाही, हे आपल्या पिढीला कुणी सांगितलंच नाही.

आणि शाळेतल्या बाईंची मांजर? ती वेगळीच तऱ्हा! बाईंनी हौसेनं पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं सोडलं. मांजर जी फ्रिजच्या मागे गेली ती दिसेचना. मग शेल्टरमधल्या मुलीनं फोनवर सांगितलं, आधी एकच खोली द्या. तिथेच अन्न, तिथेच पाणी, लांबच्या कोपऱ्यात मातीचा डबा आणि लपायला पुठ्ठ्याचं खोकं. त्या खोलीचा वास ओळखीचा झाला की पुढचं दार उघडा. बाईंनी कपड्यांच्या खोलीत सोय केली. आता ती त्यांच्या इस्त्रीच्या साड्यांवर झोपते आणि बाई सुती नेसून शाळेत जातात.

पण खरी गंमत खाण्याची. बाईंच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांना वाटलं, दूधभात घालू. डॉक्टर म्हणाले, मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. आणि मांजर पक्की मांसाहारी, टॉरिन म्हणून एक द्रव्य तिला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय बिघडतं. बाईंनी दोन दिवस विचार केला. मग तयार खाण्याची पिशवी आणली, वेगळा चमचा, वेगळी ताटली, गॅलरीत वेगळी जागा. सासूबाई म्हणाल्या, "निदान श्रावणात तरी..." बाई म्हणाल्या, "आई, श्रावण आपला. तिनं काही संकल्प सोडलेला नाही."

सगळ्यांचं असं गोड झालं असं नाही हं. कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधलं ते नवं जोडपं होतं ना, त्यांनी एक पिवळी कुत्री आणली आणि आठ दिवसांत परत नेऊन दिली. दोघंही दिवसभर ऑफिसात, ती एकटी दार ओरबाडायची, शेजारी तक्रार करायचे. सगळी कॉलनी त्यांच्यावर तुटून पडली. मी नाही पडले. परत नेऊन दिली हे चांगलं केलं. लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेली कुत्री नंतर कशी रस्त्यावर आली ते आपण पाहिलंय. घाटात गाडी थांबवून सोडून देणारे महाभाग आहेत. १९६०च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, पण कोण विचारतो? ती पिवळी आता सासवडजवळ एका घरी गेलीये, घरात आजी-आजोबा दिवसभर असतात. व्हिडिओ पाहिला मी. ओसरीवर पाठीवर पडलेली, चारही पाय वर, पोट उघडं. पोट उघडं टाकून झोपलं की समजायचं, जनावराचा धीर बसला.

काय म्हणालात? सोसायटीत ठराव? अहो, सेक्रेटरींना आधी सांगा, प्राणी कल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक वाचा म्हणावं. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राणी ठेवायला बंदी करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. अर्थात घाण उचलायची, पट्टा लावायचा, महापालिकेचा परवाना काढायचा, दरवर्षी रेबीजची लस द्यायची, हे आपल्याकडे लागलं. त्यात टाळाटाळ केली तर सेक्रेटरींचं बरोबर.

आणि रस्त्यावरची सगळीच शेल्टरमध्ये का टाकत नाहीत, असं तुमचे हे परवा विचारत होते. २०२३च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झाली की कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. कानाला खाच दिसते ना काहींच्या, ती त्याचीच खूण. शेल्टरमध्ये राहतात ती जखमी, म्हातारी, आईविना पिल्लं आणि माणसांनी टाकलेली. २०२५च्या ऑगस्टात दिल्लीच्या कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टात केवढं झालं! आधी म्हणाले सगळी उचला, मग अकरा दिवसांत आदेश बदलला. त्यात एक गोष्ट फार चांगली होती, कुणाला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर महापालिकेकडे अर्ज करावा, पण मग ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. भाऊसाहेबांचं यावर म्हणणं, हे भांडण जुनंच आहे. १८३२ साली इंग्रजांनी मुंबईत भटकी कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी मंडळी चिडून रस्त्यावर उतरली होती, दंगल झाली! परळला जनावरांचं मोठं हॉस्पिटल आहे ना, बाई साकरबाईंच्या नावाचं, तेही पारशांचंच देणं. हे सगळं भाऊसाहेब बुवालाच सांगत होते, मी कुंपणाशी उभी होते म्हणून कानावर पडलं.

तर तुमचं काय ठरलं? ह्यांना म्हणावं, नको नको म्हणणारेच पुढे जास्त लाड करतात, समोर पुरावा आहे. आता लगेच मात्र आणू नका. दिवाळी तोंडावर आलीये, नवं जनावर फटाक्यांनी बिथरून पळतं आणि त्याला अजून घराचा रस्ता माहीत नसतो. भाऊसाहेबांनी तर आत्ताच पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला लावून घेतलाय आणि लक्ष्मीपूजनाला आतल्या खोलीत टीव्ही मोठा करून बुवाबरोबर बसणार आहेत.

तुळशीचं लग्न उरकलं की पुढच्या रविवारी सकाळी जाऊ, मी येते बरोबर. आधारकार्डाची झेरॉक्स घ्या, ह्यांनाही घ्या. आणि तिथे गेल्यावर पिल्लू मागू नका.