रबरी गांडूळ सरळ कसे बसवावे

पुण्यात एखादी गोष्ट न जमलेली चालते. ती चुकीच्या पद्धतीने जमलेली चालत नाही. नदीकाठी कणकेची गोळी लावून बसलेला माणूस रोज संध्याकाळी चार चिलाप्या घरी नेतो हे खरे आहे. परंतु त्यामागे काही शास्त्र नसल्याने त्याची इथे दखल घेण्याचे कारण नाही. प्रस्तुत मार्गदर्शन आहे ते ज्यांनी रॉड, रीळ आणि जांभळ्या रंगाच्या गांडुळांचे पाकीट ऑनलाइन मागवले आहे, घरच्यांना किंमत निम्मी सांगितली आहे, आणि आता पुढे काय करायचे असते हे विचारायची ज्यांना लाज वाटते, त्यांच्यासाठी.

पूर्वपीठिका

बाजारात ‘रबरी’ म्हणून मिळणारे गांडूळ प्रत्यक्षात मऊ प्लॅस्टिकचे असते. निक क्रीम नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन गावी ते प्रथम ओतले. त्यांचे लक्ष्य होते बास. हा मासा आपल्या नद्यांत नाही. ही अडचण मानू नये. एव्हरेस्टही पुण्यात नाही, तरी तिथल्या बेस कॅम्पची माहिती देणारे प्रत्येक सोसायटीत दोघे तरी भेटतात.

बासची जागा आपल्याकडे मरळ समर्थपणे चालवते. पाणवनस्पतीत दबा धरून बसणे आणि वरून जाणाऱ्यावर अचानक तुटून पडणे, हा दोघांचा समान स्वभाव. शिवाय मरळ हवेतला प्राणवायू घेते, त्यामुळे ती अधूनमधून पृष्ठभागावर येऊन स्वतःचा ठावठिकाणा सांगते. तेलंगणाने तिला राज्यमाशाचा मान दिला आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो पापलेटला दिला. तेव्हापासून मरळ आपल्या गळाला लागत नसेल, तर त्यामागचे कारण समजून घ्यावे.

इतिहासप्रेमींसाठी एक नोंद. खडशी अर्थात दख्खनी महाशीर या माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले, तेही पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. तेव्हा खडकवासल्याचे धरण पुरे व्हायला अजून चाळीस वर्षे होती. ही माहिती मासेमारीत उपयोगी पडत नाही, पण मासा न लागल्यास संभाषण लांबवायला पुरते. देहूच्या डोहातले मासे मात्र देवाचे. तिकडे गळ घेऊन फिरकू नये.

साहित्य

चार ते सहा इंची गांडुळे. मानेशी दोनदा काटकोनात वळलेला, ‘ऑफसेट’ नावाचा गळ. मधून भोक असलेले, एका बाजूला निमुळते शिसे. विणलेली दोरी, साधा तंगूस जलपर्णीच्या देठांत घासून तुटतो.

गांडुळे मूळ पाकिटातच ठेवावीत. कडक प्लॅस्टिकच्या काही डब्यांत ती ठेवली की दोन्ही प्लॅस्टिके एकमेकांत विरघळू लागतात, आणि स्वयंपाकघरातला डबा असेल तर प्रकरण माशांपुरते राहत नाही. वेगवेगळ्या रंगांची गांडुळेही एकत्र ठेवू नयेत. रंग एकमेकांना लागतात. लसणाचा वास दिलेली गांडुळे मिळतात, पण ती चातुर्मासात घरात आणण्यापूर्वी विचारून घ्यावे.

कृती (टेक्सास पद्धत)

१. शिसे दोरीत ओवावे. निमुळते टोक रॉडकडे, पसरट बाजू गळाकडे. उलटे ओवल्यास वेलीत अडकते.

२. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढावी, सैल गाठ मारावी, उरलेल्या फाशातून अख्खा गळ पार करावा आणि ओढावे. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करतात, म्हणजे घर्षणाने दोरी दुखावत नाही. सोवळे पाळणाऱ्यांनी फुलपात्रातले पाणी घ्यावे.

३. गळाचे टोक गांडुळाच्या तोंडात सरळ खुपसून साधारण पाऊण सेंटीमीटरवर बाजूने बाहेर काढावे. गांडूळ गळावरून वर सरकवत न्यावे, ते मानेच्या वळणावर बसेल. आता गळ अर्धा फिरवावा. टोक गांडुळाच्या अंगाकडे येईल.

४. इथे घाई करणाराच फसतो. गांडूळ मोकळे लोंबू द्यावे, गळ त्याच्या बाजूला धरावा आणि गळाचा बाक नेमका कुठे येतो तिथे नखाने खूण करावी. तिथूनच टोक आरपार काढावे. खुणेच्या अलीकडे टोचले तर गांडूळ ताणले जाते, पलीकडे टोचले तर कुबड येते.

५. बाहेर आलेले टोक गांडुळाच्या वरच्या सालीत पुन्हा लपवावे. साडीला फॉल लावताना सुई जेवढे कापड उचलते, तेवढीच साल घ्यावी. टोक जलपर्णीला दिसता कामा नये, माशाच्या जबड्याला मात्र ताबडतोब सापडले पाहिजे.

६. दोरीला धरून, एक डोळा मिटून पाहावे. गांडूळ सरळ दिसले पाहिजे. वाकडे गांडूळ पाण्यात गरगर फिरते, दोरीला पीळ पडतो, आणि मरळीलाही कळते की हे काम नवशिक्याचे आहे.

स्थळ

गळाचे टोक लपवण्याचा सगळा खटाटोप वनस्पतीत अडकू नये म्हणून आहे. या दृष्टीने पुणेकर भाग्यवान. आपल्याकडे जलपर्णी काढण्याचे टेंडर निघते, ती काढली जाते, आणि पुढच्या हंगामात अधिक जोमाने परत येते. पाषाण तलावाकडे पाहून बाहेरगावचा माणूस इथे पाणी आहे का असे विचारतो. जाणकार फक्त कुठे टाकावे एवढेच पाहतो.

तथापि शहरातल्या पात्रात हा सराव कोरडाच करावा. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी २०१६ मध्ये ९९० कोटींची योजना मंजूर झाली. तिची फळे येईपर्यंत तिथला मासा खाण्याचे धाडस करू नये. धरणांच्या पाण्यात जायचे तर मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, त्यांची परवानगी आधी घ्यावी. “मी फक्त एकच पकडणार आहे” हे सांगू नये. तिथल्या माणसाला तो आकडाही जास्त वाटतो.

पावसाळा मरळीचा विणीचा काळ. लालसर पिल्लांचा घोळका वर तरंगताना दिसला की खाली आई-बाप राखणीला असतात. त्या वेळी ते कशावरही झेपावतात, म्हणूनच त्यांना पकडू नये. सोबत श्रावणही येतोच. शास्त्र आणि धर्म यांचे इतके एकमत क्वचित होते. त्याचा मान राखावा.

मतभेद

गांडुळाच्या कमरेत गळ अडकवून दोन्ही टोके हलती ठेवणारा वॅकी पंथ, आणि शिसे हातभर अंतरावर ठेवून गांडूळ मागून तरंगत आणणारा कॅरोलायना पंथ, हे टेक्सास पंथाचे प्रतिस्पर्धी. मरळीपुरते बोलायचे तर, पाठीशी दोन गळ दडवलेला पोकळ बेडूक या तिन्हींपेक्षा सरस ठरतो. ही गोष्ट गांडुळे संपेपर्यंत मान्य करू नये.

मासा लागल्यास

अशी शक्यता गृहीत धरलेली बरी. पाणी फुटले की लगेच हिसका देऊ नये. मरळीला आमिष तोंडात घेऊन खाली वळू द्यावे, दोरी ताठ झाली की मग जोरात ओढावे आणि वेलीत शिरू न देता वर आणावे. दात तीक्ष्ण असतात. गळ पक्कडीने काढावा, बोटांनी नाही.

नंतर गांडूळ तपासावे. ते वाकडे बसलेले आढळले, तर तो मासा ग्राह्य धरू नये. त्याला पाण्यात सोडावे आणि क्रमांक तीनपासून पुन्हा सुरुवात करावी.