चिखलव्रती

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाच्या ज्या उपजातींकडे समाजशास्त्राचे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही, त्यांपैकी एकीला चिखलव्रती असे नाव देता येईल. चिखलव्रती म्हणजे असा गृहस्थ, की ज्याचे घर डांबरी रस्त्याला लागून असते, कचेरी काँक्रीटच्या रस्त्याला लागून असते आणि निष्ठा मात्र रस्ता संपल्यानंतरच्या भूमीला वाहिलेली असते. पुणे, नाशिक, ठाणे अशा शहरांतील सोसायट्यांच्या वाहनतळावर तो हमखास आढळतो आणि त्याच्या चेहऱ्याआधी त्याची गाडी ओळखू येते. तिच्या काचेलगत स्नॉर्केल, म्हणजे गाडी पाण्यात शिरली तरी इंजिनाला वरची कोरडी हवा मिळावी म्हणून बसवलेली उंच नळी असते; पुढे विंच, म्हणजे रुतलेली गाडी तारेच्या दोराने ओढून काढणारा विजेचा रहाट असतो; आणि टपावर एक फावडे आवळून बांधलेले असते, ज्याचा आजवरचा एकमेव उपयोग सोसायटीच्या गणेशोत्सवात मांडवाचे खड्डे खणताना झालेला असतो.

गाडीचा कुलवृत्तांत चिखलव्रतीला मुखोद्गत असतो. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली इथपासून आरंभ करून, 2020 साली आलेल्या नव्या थारपर्यंत तो एका दमात पोचतो, आणि 2023 साली मारुतीने आणलेल्या जिम्नीला कुळात घ्यायचे की नाही, या प्रश्नावर थोडा थबकतो. ही माहिती तो विचारल्याशिवाय देतो. पावसाळ्यातील रविवारी तो मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला जातो, एखाद्या ओढ्याच्या काठावर रुततो, आणि अखेरीस जवळच्या शेतावरचा ट्रॅक्टर येऊन त्याला बाहेर काढतो. या ट्रॅक्टरची फक्त मागची दोनच चाके इंजिनाने फिरतात, ही बाब त्याच्या चार चाकांच्या तत्त्वज्ञानाला बाधक असल्यामुळे तिचा उल्लेख सोमवारच्या वृत्तांतात येत नाही. आठवड्याचे उरलेले दिवस तो कर्वे रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या वाटेवर पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मधल्या अवस्थेत घालवतो.

चिखलव्रतीचा धर्म साधा आहे: सांगाडा पोलादाचा असावा, इंधन डिझेल असावे आणि गिअर हाताने पडावा. या धर्माचा गाभारा म्हणजे ट्रान्सफर केस. मुख्य गिअरपेटीच्या मागे जोडलेली ही दुसरी पेटी इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या आसांत वाटते, आणि तिचा दांडा लो रेंजवर टाकला की गाडीचा वेग कमी करून चाकांवरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पिळाचा जोर, दुप्पट-अडीचपट करते. चिखलव्रती हा दांडा वाहनतळातच अधूनमधून हलवून पाहतो, कारण यंत्र वापरात राहिले पाहिजे अशी त्याची धारणा असते.

अशा या स्थिर श्रद्धेला अलीकडे हायब्रिडच्या प्रश्नाने तडा जाऊ लागला आहे. हायब्रिड म्हणजे इंजिन आणि विजेची मोटार यांचा संयुक्त संसार, आणि त्याचे तीन प्रकार मानले जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये मोटार इंजिनाला केवळ हातभार लावते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये ती थोडे अंतर एकटी गाडी चालवू शकते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत भरते. तर प्लग-इन हायब्रिडची मोठी बॅटरी घरच्या विजेवरही भरता येते. जपानमध्ये 1997 साली टोयोटाची प्रियस आली तेव्हापासून ही विद्या प्रतिष्ठित झाली असली, तरी ज्या प्रांतात साठीच्या दशकात हायब्रिड ज्वारी आली आणि तिच्या भाकरीला चव नाही हे गाऱ्हाणे पुढच्या पिढ्यांनी मन लावून जपले, तिथे चिखलव्रतीने हायब्रिड गाडीकडे संशयाने पाहावे हे परंपरेला धरूनच आहे. बाजारानेही त्याच्या संशयाला खतपाणी घातले. 2022 साली मारुतीची ग्रँड विटारा आली तेव्हा स्ट्राँग हायब्रिड घेणाऱ्याला पुढच्या दोन चाकांवर समाधान मानावे लागे, आणि चारही चाके हवी असणाऱ्याला माइल्ड हायब्रिड घ्यावी लागे. त्यामुळे वीज आणि चिखल यांचे गोत्र जुळत नाही, असा सिद्धांत त्याने तेव्हाच मांडून टाकला.

त्याचा पहिला आणि आवडता आक्षेप पाण्याचा असतो. पाण्यात वीज नेणे म्हणजे आत्महत्या, असे तो निर्वाणीच्या सुरात सांगतो. परंतु त्याच्या लाडक्या थारला कंपनीने 650 मिलिमीटर खोल पाण्यात उतरण्याची मुभा दिली आहे, तर अमेरिकेत 2021 च्या मॉडेलपासून विकल्या गेलेल्या जीप रँग्लर फोर-एक्स-ई या प्लग-इन हायब्रिडला सुमारे 760 मिलिमीटरची, कारण तिची बॅटरी आणि जाड तारा पाणी शिरणार नाही अशा बंदोबस्तात असतात. ही आकडेवारी समोर ठेवली असता चिखलव्रती कागदावरचे पाणी आणि ओढ्यातले पाणी यांतील भेद समजावून सांगतो. स्वतःच्या गाडीचे 650 मिलिमीटर मात्र त्याने कागदावरूनच घेतलेले असतात.

दुसरा आक्षेप वजनाचा असून तो खरा आहे. जिम्नी जेमतेम 1,200 किलोच्या आसपास भरते, तर फोर-एक्स-ईचे वजन 2,300 किलोच्या पुढे जाते. आणि मऊ चिखलात किंवा वाळूत जड गाडी आधी रुतते व नंतर निघते, हे कोकणातल्या कोणत्याही किनाऱ्यावर भरतीच्या वेळी पाहता येते. तिसरा आक्षेप दुरुस्तीचा, आणि तोही खरा आहे. जुन्या डिझेल इंजिनाला तालुक्याच्या गावातला फिटर पाना आणि अनुभव यांच्या बळावर मार्गी लावतो, परंतु नारिंगी वेष्टणाच्या उच्च दाबाच्या तारांना प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हात लावू नये असा नियम आहे आणि तसा माणूस डोंगरात राहत नाही. चौथा, क्वचित ऐकू येणारा आक्षेप सर्वांत शास्त्रीय आहे: चाक अडकलेले असताना मोटार जोर लावत राहिली की सगळी वीज उष्णतेत जाते, आणि बॅटरी उतरली की जाहिरातीतील जोराचा एक हिस्साही तिच्याबरोबर उतरतो.

तथापि याच चिखलव्रतीला ज्या गोष्टीची खरी गरज असते, ती मोटारीपाशीच आहे. थारच्या डिझेल इंजिनाचा 300 न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क मिनिटाला सुमारे 1,600 फेऱ्या झाल्यावर मिळतो, त्यामुळे हाताच्या गिअरच्या गाडीत दगडावर चाक चढवताना चालकाला अर्धा क्लच धरून कसरत करावी लागते, आणि चिखलव्रतींचा मेळावा कोठे भरला आहे हे जळक्या क्लचप्लेटच्या वासावरून दुरूनही कळते. विजेची मोटार मात्र शून्य फेऱ्यांपासूनच आपला पूर्ण टॉर्क देते आणि तो मोजूनमापून देते. खाणींतील प्रचंड डंपर हे फार पूर्वीपासून जाणतात. त्यांच्यापैकी अनेकांत डिझेल इंजिन केवळ जनित्र फिरवते आणि चाके मोटारींनी फिरतात. मोठी बॅटरी नसल्यामुळे त्यांना काटेकोर अर्थाने हायब्रिड म्हणता येत नसले, तरी त्यांच्याइतका चिखल कोणत्याही रविवारच्या मेळाव्याने पाहिलेला नाही.

म्हणून खरा प्रश्न मोटार असावी की नसावी हा नसून ती कोठे असावी हा आहे. काही हायब्रिड गाड्यांत मागच्या आसावर एक छोटी स्वतंत्र मोटार बसवलेली असते आणि इंजिनापासून मागे जाणारा दांडा नसतो. ओल्या घाटरस्त्याला ही योजना पुरते, मात्र खोल चिखलात मागची चाके त्या एकट्या मोटारीच्या जिवावर राहतात. याउलट फोर-एक्स-ई किंवा अमेरिकेत 2024 साली परतलेली टोयोटा लँड क्रूझर यांत मोटार इंजिन आणि गिअरपेटीच्या बाजूला असल्यामुळे तिचा जोर ट्रान्सफर केसमधून, लो रेंजने गुणला जाऊन, चारही चाकांकडे जातो. चिखलव्रतीचा गाभारा अशा गाडीत अबाधित राहतो. फक्त पुजारी वाढतो.

राहिला इंधनाचा हिशेब, आणि तो चिखलव्रतीला अडचणीत आणतो. दगडधोंड्यांतून मुंगीच्या पावलाने जाताना ब्रेकमधून परत मिळणारी ऊर्जा नगण्य असते. हायब्रिड खरी बचत करते ती थांबत-निघत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत, जिथे इंजिन बंद राहून मोटार गाडी पुढे सरकवते. म्हणजे मेळघाटात किंवा भामरागडच्या बाजूला, जिथे गाडी बिघडल्यास मदत दूर असते, तिथे नोकरीसाठी फिरणाऱ्या माणसाने आजही हलकी, साधी, लो रेंज असलेली गाडी घ्यावी. हायब्रिड ऑफ-रोडर ज्याला सर्वांत जास्त शोभेल आणि परवडेल असा एकमेव ग्राहक म्हणजे आठवड्यातले सहा दिवस सिग्नलवर उभा राहणारा खुद्द चिखलव्रतीच होय, आणि तिला सर्वांत कडाडून विरोध करणाराही तोच आहे.