व्यापारी गेले, मंत्रालय राहिलं

मस्जिद बंदरचा मसाल्याचा आणि धान्याचा घाऊक बाजार सरकारने वाशीला हलवला. लोखंड बाजार कळंबोलीला धाडला. व्यापाऱ्यांनी खळखळ केली, तरी जावं लागलं. कारण रास्तच होतं. मस्जिद बंदरच्या दाणाबंदरात एक ट्रक वळवायचा तर अख्खी गल्ली अडायची आणि माथाडी पाठीवर पोतं घेऊन हातगाड्यांमधून वाट काढायचा. वाशीत ट्रक थेट गाळ्याला लागतो. कामामागोमाग माथाडीही खाडीपलीकडे कोपरखैरण्यात राहायला गेले.

मंत्रालय मात्र हललं नाही.

नवी मुंबईची कल्पना मांडली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी, 1965 साली ‘मार्ग’ या नियतकालिकात. तिचा कणाच हा होता की सरकारने स्वतःच्या कचेऱ्या पलीकडे न्याव्यात, म्हणजे बँका, कंपन्या, वकील आपोआप मागे येतील. 1970 मध्ये हे शहर उभारायला सिडको स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनींवर शहर आखलं गेलं. आणि त्याच काळात इकडे समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंटचे टॉवर उभे राहत होते! 1981 मध्ये नवं विधान भवनही तिथेच. मंत्रालयाला लागलेल्या 2012 च्या आगीनंतर पुन्हा विचार करायची संधी होती, तीही घालवली.

याची किंमत लोकलच्या डब्यात दिसते. नोकऱ्या बेटाच्या टोकाला, घरं विरार-कल्याण-पनवेलला. म्हणून कित्येक दशकं सकाळी चर्चगेटकडे येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची आणि परतणारी गाडी मोकळी धावायची. रूळ तेच, वीज तीच, कमाई एकाच दिशेची. वाशीला रेल्वे पोचली ती 1992 मध्ये, सिडकोनंतर 22 वर्षांनी. आणि 2024 चा अटल सेतू? जवळपास 22 किलोमीटर लांब, पण त्यावर लोकल नाही.

साताऱ्याचा शेतकरी एखाद्या फायलीसाठी एसटीने मंत्रालयात येतो. पनवेल मागे टाकून आणखी दीड-दोन तास गर्दीत काढतो, मग प्रवेशाच्या रांगेत उभा राहतो. नवी मुंबईत बेलापूरला सरकारी कचेऱ्यांचं कोकण भवन आहे, स्टेशन आहे. कृषी, महसूल, शालेय शिक्षण, ज्यांच्या दारात गावाकडची माणसं येतात, ती खाती आधी तिकडे न्या. मंत्र्यांच्या दालनांसकट.