एक पंचमांश

चोरट्या मालाचा सुगावा लावून देणाऱ्या इसमास, जप्त मालाच्या विक्रीतून सरकारजमा होणाऱ्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत इनाम मिळू शकते, ही वार्ता उरणच्या लोकलमध्ये एका निवृत्त जकात अंमलदाराने मला सांगितली, त्या दिवसापर्यंत माझ्या स्वभावात लोभाचा अंश आहे, असे माझ्या शत्रूंनीही म्हटले नसते.

26 मे 1989 रोजी सुरू झालेल्या न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटाचा कारकून म्हणून मी उभी हयात दप्तर वाहिले. देशोदेशींचे पोलादी कंटेनर माझ्या डोळ्यांदेखत उतरले आणि चढले. पण त्यांच्या पोटात काय आहे, हे जाणण्याची इच्छा मला कधी झाली नाही. डेमरेज चढण्यापूर्वी गेटपास हाती पडतो की नाही, एवढ्यापुरतेच माझे कुतूहल मर्यादित असे. कागदोपत्री भलताच माल दाखवून आत आंध्रचे रक्तचंदन भरल्याचे प्रकार या बंदरात अनेकदा उघडकीस आले, तेव्हाही मी ते वर्तमानपत्रात वाचून पान उलटले होते.

परंतु त्या संध्याकाळी गाडी न्हावा शेवा स्थानकात असताना ऐकलेली ती वार्ता, द्रोणागिरी मागे पडून उरण येईपर्यंत, माझ्या दृष्टीचा पुरता कायापालट करून गेली. पूर्वी मला कंटेनर दिसे. आता त्याचा पाचवा हिस्सा दिसू लागला. एक कोटीचा मुद्देमाल मनोमन जप्त करून त्यातले वीस लाख मी जेवणापूर्वी खर्चून टाकले. पत्नीने प्रथम माझ्या प्रकृतीची विचारपूस केली आणि मग म्हणाली, “अहो, मोरी हलवायचीच आहे, तर ओट्याचेही काम त्यातच उरकून घ्या.” इनाम हा हक्क नव्हे, ती केवळ सरकारची मर्जी आहे, असे अंमलदारांनी मला दोनदा बजावले होते, परंतु असली वाक्ये ऐकण्याचे माझे इंद्रिय तोवर बंद पडलेले होते.

याबाबतीत मला एका माकडाचा आधार आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या पेशींचे व्यापार न्याहाळले. प्रथम फळांचा रस मिळताच त्या पेशी उचंबळत; पण रसापूर्वी दिवा लागतो, हे माकडाच्या अंगवळणी पडल्यावर त्या दिवा लागताच उचंबळू लागल्या आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी स्वस्थ बसल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर मात्र त्या नेहमीच्या पातळीच्याही खाली जात. लोकलमध्ये माझा दिवा लागला होता, एवढेच. शिवाय 1902 साली हनोईत फ्रेंच अंमलदारांनी दर उंदराच्या शेपटीमागे इनाम लावले, तेव्हा लोकांनी शेपट्या छाटून उंदीर प्रजोत्पादनार्थ मोकळे सोडले, ही हकीकत वाचल्यापासून मी स्वतःला फारसा दोष देत नाही. मी निदान उंदीर तरी पाळले नाहीत.

शेजारी पाळत मात्र ठेवली. आमच्या भिंतीला भिंत लागून एक तांडेल राहतात. त्यांच्या दारी रात्री अकरानंतर टेम्पो येई, पुठ्ठ्याची बंद खोकी उतरत, आणि पहाटेपूर्वी ती नाहीशी होत. इतकी वर्षे मला यात काही वावगे दिसले नव्हते. आता वावगे नाही असे काहीच दिसेना. खबर देण्यापूर्वी खातरजमा करावी, या सद्हेतूने मी एका रात्री विजेरी घेऊन त्यांच्या पडवीत शिरलो, एका खोक्याची दोरी सोडली, आणि करंजा बंदरातल्या सुकटीचा असा भपकारा आला की पंचनाम्यास पंचांची आवश्यकताच उरली नाही. शिंक आली. तांडेल जागे झाले.

“भाऊ, तुम्ही? एवढ्या रात्री?”

“मांजर शिरल्याचा भास झाला,” मी म्हणालो.

त्या भल्या गृहस्थाने माझ्या शेजारधर्माची तारीफ करून ओंजळी भरभरून सुकट कागदात बांधली. “वहिनींना द्या. यंदाची चांगली आहे.” घरी पत्नीने तो वानोळा तराजूत घातला आणि खोक्याचे वजन विचारले. मी अंदाजे सांगितले. “पाचवा हिस्सा नाही भरत,” ती म्हणाली, आणि लसूण सोलायला बसली.

महिन्याने पुन्हा टेम्पो आला. तोच वास भिंत ओलांडून आला. तिने लसूण आधीच सोलून ठेवला होता. मी दार जरासे उघडे ठेवून ओटीवर बसलो. खोकी उतरली, टेम्पो गेला, तांडेलांकडचा दिवा मालवला. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांच्याकडून सुकट न आल्याचे दुःख मला कधी झाले नव्हते.

“झोपा आता,” आतून आवाज आला. “ते काय आपले देणे लागतात?”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो, आणि आणखी अर्धा तास तसाच बसून राहिलो.