अपवाद क्रमांक आठ पूर्ण वाचा, डॉक्टरसाहेब

आरोग्य विमा कंपनीच्या दावे विभागातील वैद्यकीय अधिकारी यांस,

डॉक्टरसाहेब, तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुमच्या पत्रावर सहीच्या जागी नुसता हुद्दा छापलेला असतो. तुम्ही मला कधी पाहिलं नाही, तपासलं नाही. माझ्या सर्जनना एक फोनही केला नाहीत. तरी माझ्या शस्त्रक्रियेचा निकाल मात्र तासाभरात लावलात. कॅशलेसच्या अर्जाला एका तासात उत्तर द्या, असं विमा नियामकाने मे २०२४ मध्ये बजावलं आहे. तेवढा नियम तुम्ही पाळलात. पण घाईने दिलेलं चुकीचं उत्तर तासाभरात आलं म्हणून बरोबर ठरत नाही. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: कॉस्मेटिक शस्त्रक्रिया, अपवाद क्रमांक ८ नुसार अमान्य.

कॉस्मेटिक! कुणाच्या डोळ्यांसाठी हो? पोटाखालच्या ज्या घडीचा फोटो तुम्हाला पाठवला, ती माझ्या नवऱ्यालाही मी दाखवत नाही.

माझी फाइल तुमच्याकडे आधीपासून आहे, ती उघडून बघा. माझं वजन ११४ किलो होतं, बीएमआय ४५ च्या वर. मधुमेह इन्सुलिनलाही दाद देत नव्हता. तेव्हा गॅस्ट्रिक बायपासचे पैसे तुमच्याच कंपनीने भरले, कारण बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ असून सोबत गंभीर आजार असेल, तर ती शस्त्रक्रिया पॉलिसीत बसते. म्हणजे लठ्ठपणा हा आजार आहे, तो बाईच्या आळसाचा नमुना नव्हे, हे तुम्हाला त्या वेळी मान्य होतं. आज माझं वजन ६८ किलो आहे. इन्सुलिन सुटलं. शाळेचा जिना मी न थांबता चढते. त्याबद्दल मी तुमच्या कंपनीची ऋणी आहे आणि ते इथे जाहीर लिहिते. पण त्याच आजाराने मागे ठेवलेली कातडी तुमच्या टेबलावर आली आणि तुम्ही हात झटकलेत.

ही कातडी म्हणजे काय, ते नीट ऐका. ४६ किलो गेले, पण त्यांना सामावून घेतलेली कातडी तशीच राहिली. बेंबीच्या खालून ती पडद्यासारखी लोंबते आणि मांड्यांवर येऊन टेकते. मी अकोल्यात राहते. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या घडीत हवा शिरत नाही आणि घाम वाळत नाही. सकाळी आंघोळ झाली की एका हाताने पोट उचलून धरायचं, दुसऱ्या हाताने टिपायचं, थंड हवेवर ड्रायर फिरवायचा, बुरशीची पावडर टाकायची आणि जुन्या सुती साडीची चौघडी करून आत सरकवायची. मधल्या सुट्टीत शाळेच्या संडासात जाऊन ती बदलायची. काढलेल्या घडीवर पिवळट ओल असते, कधी रक्ताचा डाग असतो. परकराची नाडी बरोबर त्याच रेषेवर काचते. वास येतो, डॉक्टरसाहेब. चौथीच्या वर्गात फळ्याकडे वळताना पहिल्या बाकावरच्या मुलाला तो वास गेला तर नसेल ना, हा धसका मी रोज घेऊन उभी असते.

गेल्या पावसाळ्यात त्याच घडीत चीर पडून जंतुसंसर्ग आत पसरला. सेल्युलायटिस झालं. थंडी वाजून ताप भरला, दवाखान्यात भरती व्हावं लागलं आणि शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. त्या भरतीचं बिल तुम्हीच मंजूर केलंत. घडीत झालेला रोग तुम्हाला रोग वाटला. रोग जिथे पुन्हा पुन्हा होतो ती घडी काढायची म्हटलं, तर तो नटवेपणा ठरला. हा न्याय तुम्ही कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलात?

तुमच्या मदत क्रमांकावरच्या मुलीने मला गोड आवाजात व्यायाम करून पाहायला सुचवलं. तिला दोष देत नाही. तिच्यासमोर जे लिहून ठेवलं होतं तेच तिने वाचलं. पण तुम्ही शरीरशास्त्र शिकलेले आहात. कातडी ताणून परत जागेवर येते ती कोलॅजन आणि इलॅस्टिनच्या तंतूंमुळे. वर्षानुवर्षं ताणून ते तंतू एकदा तुटले की जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखी गत होते. चालण्याने चरबी उतरते, व्यायामाने स्नायू बळकट होतो, पण एवढी लोंबती कातडी कशानेच आवरत नाही. तेलाने नाही, मलमाने नाही, पट्ट्यानेही नाही. ती कापूनच काढावी लागते. हे तुम्हाला माहीत नसेल तर त्या खुर्चीवर बसू नका. माहीत असेल तर मग प्रश्न आणखी गंभीर आहे.

आणि मी हा निर्णय हौसेने घेतला असं तुम्हाला वाटत असेल, तर तो कसा घेतला तेही वाचा. पहिल्या भेटीत सर्जननी तारीख द्यायला साफ नकार दिला. आधी वजन सलग सहा महिने एका जागी स्थिर दाखवा, म्हणाले, नाहीतर कापून शिवलेली कातडी पुन्हा सैल पडेल. बायपासनंतर लोह आणि बी-१२ शरीरात नीट शोषलं जात नाही. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं. प्रथिनं कमी असतील तर जखम भरत नाही, म्हणून तीही मोजली. सगळं वर येईपर्यंत शस्त्रक्रियेचं नाव काढायचं नव्हतं. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद, जन्मभराचा व्रण. पोटाच्या खालच्या भागाची संवेदना कदाचित परत येणार नाही. कातडीखाली पाणी साचू नये म्हणून नळ्या, नंतर कित्येक आठवडे घट्ट पट्टा, वजन उचलायचं नाही. टाके उसवू शकतात, जंतुसंसर्ग होऊ शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, आणि माणूस त्याने दगावतो. हे शेवटचं सांगताना त्यांनी माझ्या नवऱ्यालाही आत बोलावून घेतलं.

मी घाबरले. जाऊबाई म्हणाल्या, आता या वयात कशाला जिवाशी खेळ? सासूबाईंनी मात्र एकच विचारलं, रोजची ती आग थांबेल का? मला त्यांचा प्रश्न पटला. दंडांची कातडी लोंबते, मांड्यांची लोंबते. ती मी काढणार नाही. लांब बाह्यांचं पोलकं घालून माझं भागतं. पोटाचे स्नायू आवळून घेण्याचा, कंबर घडवण्याचा खर्चही मी मागितला नाही, कारण तो विम्याने द्यावा असं माझं मत नाही. सगळ्यांच्या हप्त्यांतून तुमच्याकडे पैसा जमतो, तो जपून वापरायचा असतो, हे शिक्षकाच्या पगारावर घर चालवणारीला कुणी शिकवायला नको. मी फक्त कुजणारा पडदा काढायला मागितला. पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात तिला, एवढीच. अर्जात ते स्पष्ट लिहिलं होतं.

तुम्ही ज्याला नटणं समजलात, ते काम अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली यांनी १८९९ सालीच केलं होतं. ते स्त्रीरोगांचे सर्जन होते, सौंदर्यतज्ज्ञ नव्हेत. आणि प्लास्टिक सर्जरी या शाखेकडेच तुम्ही संशयाने बघत असाल, तर पुण्याची आठवण करून देते. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपातले सर्जन ती शस्त्रक्रिया शिकले. त्या नाकाला कुणी हौस म्हटलं नाही. आज महाराष्ट्रातल्याच एका बाईचं सडणारं पोट तुम्ही हौशीत जमा करता.

आता तुमच्याच कागदावर येऊ. अपवाद क्रमांक ८ सगळ्या कंपन्यांसाठी सारखा आहे. नियामकाने तो २०१९ साली ठरवून दिला. रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही, इथपर्यंत तुम्ही वाचलंत आणि थांबलात. वाक्य तिथे संपत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्यातून वगळली आहे. आणि जी शस्त्रक्रिया आरोग्याचा थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे, तीही वगळली आहे. गरज आहे की नाही याचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा आहे. तो दाखला मी जोडला होता. त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, भरतीचं डिस्चार्ज कार्ड, तारखेसह फोटो, सगळं जोडलं होतं. धोका थेट नाही, तातडीचा नाही, असं तुमचं मत असेल तर तसं कारणासहित लिहा, मी त्याला उत्तर देईन. अर्धं कलम दाखवून माझ्या तोंडाला पानं पुसू नका.

शस्त्रक्रिया करायची की नाही, हे ठरवताना मी व्रण मोजला, जिवाचा धोका मोजला, पगारी आणि बिनपगारी रजा मोजली, घरच्यांची भीती मोजली. त्या निर्णयात तुमचं काम एकच होतं, कागद वाचण्याचं. तेवढंच तुम्ही केलं नाहीत.

ज्यांचं वजन उतरलं आहे आणि ज्यांना असंच एका ओळीचं पत्र आलं आहे, त्यांना सांगते. फोनवर वाद घालू नका. नकार लेखी मागा, कलमाच्या क्रमांकासह. घडीत पुरळ उठलं, चीर पडली की दर वेळी डॉक्टरकडे जा आणि चिठ्ठी जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. माझी तक्रार कंपनीकडे पोहोचल्याची पावती माझ्याजवळ आहे. शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीत होणार आहे. पतपेढीचं कर्ज मंजूर झालं आहे, आणि त्याची पै न पै मी तुमच्याकडून मागणार आहे.

आपली पॉलिसीधारक,
अकोल्याची एक शिक्षिका